बासष्ट ग्रॅम पांढरी पूड

सकाळी ६.१०
वसई तालुक्यातलं एक पोलीस ठाणं. मुद्देमाल खोलीला दोन कुलपं आहेत. एकाची चावी हवालदारांच्या कमरेला, दुसरी ठाणे अंमलदाराच्या खणात. दार उघडलं की आधी वास येतो. गोणपाटाचा, गंजाचा, कधीकाळी पकडलेल्या हातभट्टीचा. चोरीच्या सायकली, कोयते, नंबर लावलेले मोबाइल, रक्ताच्या कपड्यांची पाकिटं. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. त्याला वेगळं कुलूप. त्यात फक्त एनडीपीएसचा, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पकडलेला माल.

हवालदार इथले मुद्देमाल कारकून. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. नाव छापू नका म्हणाले. ठाण्यात लहानथोर त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच लिहितो.

मामा कपाटातून एक पाकीट काढतात. चरसाचा नमुना, चोवीस ग्रॅम. परवा मॅजिस्ट्रेटसमोर काढलेला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने नमुन्यांचे नवे नियम केले, तेव्हापासून नमुना मॅजिस्ट्रेटसमोरच काढायचा. प्रत्येक वेळी दोन. चरस, गांजा, अफू असेल तर चोवीस-चोवीस ग्रॅम, बाकी सगळ्याला पाच-पाच. एक प्रयोगशाळेत जातो, जोडीचा कपाटात राहतो.

मामा पाकीट उजेडात धरतात. लाखेची चारही सीलं बोटाने चाचपतात. एका कडेला बारीक चीर आहे का ते चष्मा चढवून बघतात. चीर नाही. पाकीट कापडी पिशवीत, पिशवी खांद्याच्या बॅगेत, बॅगेची चेन बंद.

लाखेची कांडी, मेणबत्ती, जाड दोरा, ब्राउन पेपरची पाकिटं हे सगळं गेल्या आठवड्यात त्यांनीच आणलं. एकशे ऐंशी रुपये झाले. बिल ठेवलंय. मिळतात पैसे, उशिरा मिळतात.

सकाळी ६.३५
स्टेशन डायरीला नोंद. मामा खिशातली छोटी वहीही काढतात आणि त्यात वेळ लिहितात. ही वही सरकारी नाही, त्यांची स्वतःची. आज दिवसभर ती किती वेळा बाहेर आली, हे मी मोजायचं सोडून दिलं.

कारण साधं आहे. नमुना नेणाऱ्याला पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागते. दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनी. आरोपीचा वकील विचारतो: किती वाजता निघालात, कुठे थांबलात, चहा प्यायलात का, पिशवी कुणाच्या हातात होती? तिथे अडखळलं की सील तुटलेलं नसलं तरी खटल्याला तडा जातो. या लेखातल्या वेळा मामांच्या त्या वहीतल्याच आहेत.

आज त्यांची कामं दोन. चरस कलिन्याच्या प्रयोगशाळेत जमा करायचा. आणि तिथून एक जुना रिपोर्ट आणायचा. तयार आहे, घेऊन जा, असा काल फोन आला होता.

जुनं प्रकरण असं. चार महिन्यांपूर्वी स्टेशनजवळच्या गल्लीत सापळा लावला. पोलिसांनीच पाठवलेलं गिऱ्हाईक. तेवीस वर्षांचा एक मुलगा पिशवी घेऊन आला. आत पांढरी, किंचित खडेदार पूड. बासष्ट ग्रॅम. खबर एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची होती. दोन हजार रुपये ग्रॅम ठरलं होतं. पंचनामा झाला, अटक झाली. मुलगा १२७ दिवस ठाण्याच्या जेलात आहे.

एमडीत पन्नास ग्रॅम ही रेघ आहे. दोन ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा: एक वर्षापर्यंत शिक्षा. पन्नासच्या पुढे व्यापारी मात्रा: कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर किमान लाखाचा दंड. आणि एनडीपीएसचं कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, हे कोर्टाला पटल्याशिवाय जामीन नाही. साध्या गुन्ह्यात साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपी जामिनावर सुटतो. इथे ती मुदत १८० दिवसांची.

सकाळी ७.०५
वसईहून सुटणारी लोकल. मामा उभेच राहतात. बॅग पोटावर, दोन्ही हात तिच्यावर. बसायला जागा मिळाली तरी बसत नाहीत. डुलकी लागली तर काय, म्हणतात.

मी त्यांना विचारतो, ‘रिपोर्टात काय असेल?’

‘तो सीए सांगेल,’ मामा म्हणतात. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर, रसायन विश्लेषक. पोलिसांच्या तोंडी प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे सीए रिपोर्ट. ‘पण मला पहिल्या दिवशीच शंका होती. एमडीला एक वास असतो, उग्र. ह्याला कसलाच नव्हता. पण माझ्या नाकाचा पंचनामा होत नाही.’

बनावट माल त्यांनी बराच पाहिला आहे. ब्राउन शुगर म्हणून विटेची पूड. चरस म्हणून मेंदी आणि बूट पॉलिशचा गोळा. कोकेन म्हणून दुखण्यावरच्या गोळ्यांचा चुरा. गांजा म्हणून पोतंभर नुसती पानं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं गांजात धरत नाहीत. ते पोतंही असंच वर्षभर खोलीत पडून होतं.

सकाळी ८.२०
सांताक्रूझ पूर्व. रिक्षा करतात, बेचाळीस रुपये. बस दहा रुपयांत जाते, पण बसच्या गर्दीत पिशवी नको. फरक बहुधा खिशातून.

सकाळी ८.४०
कलिना, विद्यानगरी. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. खिडकी उघडायला वेळ आहे, तरी रांग लागली आहे. रायगड, पालघर, ठाणे ग्रामीण, मुंबई. कुणाच्या हातात व्हिसेऱ्याच्या बरण्या, कुणाकडे रक्ताचा कपडा, कुणाकडे मोबाइल. पहाटे चारला घर सोडलेली माणसं आहेत. एकजण उभ्याउभ्या पाव खातोय, बरणी दोन पायांच्या मध्ये धरून.

रांगेत २०१५ चा विषय निघतो. पोलिसांत तो अजून निघतो. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला मेफेड्रोन कायद्याच्या यादीत आलं. त्याआधी ते बाळगणं एनडीपीएसचा गुन्हाच नव्हता. पुढच्याच महिन्यात साताऱ्यातल्या एका गावात, मुंबई पोलिसांतल्याच एका शिपायाच्या घरी, शंभर किलोहून जास्त पांढरी पूड सापडली. मरीन ड्राइव्हच्या ठाण्यातल्या त्याच्या लॉकरमध्ये आणखी साठा. राज्यभर बातम्या झाल्या. अटका झाल्या. नंतरच्या तपासणीत तो माल अजिनोमोटो निघाला. चायनीजच्या गाडीवर चवीला टाकतात ते.

‘शंभर किलो!’ रायगडचा शिपाई म्हणतो. तो तेव्हा शाळेत असेल.

सकाळी १०.१५
खिडकी उघडून थोडा वेळ झाला आहे. आतल्या बाई एकेक कागद तपासतात. अग्रेषण पत्र, एफआयआरची प्रत, पंचनामा, मॅजिस्ट्रेटचं प्रमाणपत्र, नमुना सील. कागदावरचा ठसा आणि पाकिटावरचा ठसा जुळला पाहिजे.

रायगडच्या शिपायाचा जुळत नाही. कागदावर अक्षरं पुसट उठली आहेत. बाई पाकीट परत करतात. तो विनवत नाही, वाद घालत नाही. पिशवी उचलतो आणि फोन लावायला बाजूला जातो. त्याचा आजचा दिवस गेला आणि उद्याचाही. आणि त्या पाकिटामागे कुणी आत असेल तर त्याचेही. ह्या कायद्यात माणसाचं काय होणार ते शेवटी पाच ग्रॅमच्या पाकिटावर ठरतं, आणि ते पाकीट वेळेवर पोचतं की नाही हे लाखेच्या ठशावर. जे लोक हा ठसा नीट उठवतात त्यांच्या कामाला आपण कारकुनी म्हणतो, हे मला बरोबर वाटत नाही.

सकाळी १०.५०
मामांचा चरस जमा. पोचपावती मिळाली. वहीत वेळ. आता त्यांचे खांदे थोडे सैल होतात. टॉयलेटला जाऊन येतात. पहाटेपासून गेले नव्हते.

मग रिपोर्टची खिडकी.

पुढे, आत, पोलिसाला जाता येत नाही, मलाही नाही. आत काय होतं ते मी एका निवृत्त रसायन विश्लेषकांकडून समजून घेतलं. त्यांनी आयुष्यभर पांढऱ्या पुडी पाहिल्या. पाकीट फोडायचं, सीलचा तपशील लिहायचा, वजन करायचं. मग रंगाच्या चाचण्या. मार्क्विसचं द्रावण म्हणजे फॉर्मॅल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल. हेरॉइन असेल तर त्यात जांभळा रंग येतो, एमडीएमए असेल तर जांभळट काळा. मेफेड्रोनला मात्र असा ठळक रंग येत नाही. म्हणून रस्त्यावर, टॉर्चच्या उजेडात, छोट्या किटवर एमडी ओळखणं अवघड. रंगाने नुसता संशय कळतो, खात्रीसाठी यंत्र लागतं. पूड विरघळवून यंत्रात सोडायची, तापवायची, तिचे घटक वेगळे करायचे, प्रत्येकाचे तुकडे मोजायचे आणि तो आलेख ओळखीच्या आलेखाशी ताडून बघायचा. अजिनोमोटोची शंका आली तर निनहायड्रिन आहेच. अमिनो आम्ल असलं की जांभळं होतं. ‘कामाला अर्धा दिवस पुरतो,’ ते म्हणाले होते. ‘चार महिने लागतात ते नंबर यायला.’

सकाळी ११.२५
रिपोर्ट हातात. दीड पान, इंग्रजीत. मामा उभ्यानेच वाचतात, ओठ हलवत. मग माझ्याकडे देतात.

मेफेड्रोन आढळलं नाही. यादीतलं दुसरं कुठलंही द्रव्य आढळलं नाही. मोनोसोडियम ग्लुटामेट आढळलं. म्हणजे अजिनोमोटो.

मामा कागद घडी न घालता प्लॅस्टिकच्या फोल्डरात ठेवतात. पीएसआय साहेबांना फोन. ‘निगेटिव्ह आहे साहेब.’ पलीकडे बराच वेळ कुणी बोलत नाही. मग हुकूम येतो: प्रत थेट वसई कोर्टात सरकारी वकिलांकडे द्या, आज त्या मुलाच्या जामिनाची तारीख आहे.

झेरॉक्स चार प्रती. सोळा रुपये. दोन वडापाव, दोन चहा. ते पैसे मामा मला देऊ देत नाहीत.

दुपारी १२.१०
परतीची लोकल रिकामी. मामा आता बसतात, बूट सैल करतात. मला हिशेब सुचतो तो मी त्यांना सांगतो. किराणा बाजारात अजिनोमोटो किलोला दोनशेच्या आसपास. बासष्ट ग्रॅमचे झाले बारा रुपये. सौदा ठरला होता एक लाख चोवीस हजारांचा.

‘आणि त्यातले पोराला पाचशे,’ मामा म्हणतात. ‘पिशवी पोचवायचे. ते त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पिशवी देणारा मिळाला नाही.’

पण हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त छळते. समजा त्या बारा रुपयांच्या पुडीत कुणी दोन ग्रॅम खरं एमडी कालवलं असतं. मग? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मिश्रणात शुद्ध द्रव्य किती तेवढंच मोजा. दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, सरकारने अधिसूचना काढून सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं ठरवलं. आणि २२ एप्रिल २०२० ला हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तेच कायम केलं, २००८ चा निकाल बाजूला ठेवून. म्हणजे दोन ग्रॅम एमडी आणि साठ ग्रॅम अजिनोमोटो मिळून बासष्ट ग्रॅम, व्यापारी मात्रा, दहा ते वीस वर्षं. आणि एमडी शून्य असेल तर एनडीपीएसही शून्य. दोन ग्रॅमच्या ह्या बाजूला आणि त्या बाजूला एवढी दरी. न्यायालयाची कारणं मी वाचली आहेत. भेसळ केलेला माल जास्त घातक, विक्रेते भेसळ करूनच विकतात, असं त्यात आहे. ती कारणं खोटी नाहीत. तरी पोचवणाऱ्या पोराला आपल्या पिशवीत ह्यातलं काय आहे ते कधीच ठाऊक नसतं, हे मला विसरता येत नाही.

दुपारी १.३०
वसई रोड. स्टेशनबाहेर ऊन मी म्हणतंय. कोर्टापर्यंत शेअर रिक्षा.

दुपारी २.२०
कोर्टाच्या आवारात, कँटीनच्या पत्र्याखाली, मुलाची वकील भेटते. तरुण आहे, एनडीपीएसची कामं बरीच करते. मामांना काका म्हणते. मामा तिला रिपोर्ट दाखवत नाहीत. ‘सरकारी वकिलांना देतोय, तिथून घ्या मॅडम.’ तिला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. ती चहा मागवते.

माझा प्रश्न तिला असा: खोटा माल खरा म्हणून विकला तर हा गुन्हा आहे की नाही?

‘कुठे, ते आधी सांगा,’ ती म्हणते. आणि मग बोटांवर मोजत नाही, टेबलावरचे पेले सरकवत सांगते. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात त्यासाठी वेगळं प्रकरणच आहे, आरोग्य आणि सुरक्षा संहितेचं ४८२ वं. अमली पदार्थ आहे असं सांगून भलतंच काही विकलं तर शिक्षा १८० दिवस ते दोन वर्षं. पूड काय आहे ते नव्हे, तर पुडी कशी बांधली, भाव काय लावला, दिसतं कसं, हे कोर्ट बघतं. ‘मला तो खरा माल वाटला होता’ हा बचाव तिथे चालत नाही. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यात पुरवायची तयारी दाखवणं हाच गुन्हा. पिशवीत काहीही असो.

‘आणि तिथला शिवपुरीचा खटला आहेच की,’ ती हसते. हा खटला मला माहीत होता, तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं. १९८२ साली भारतात आलेल्या ह्या गृहस्थांशी एकाने पैसे देऊन ठरवलं की इंग्लंडात एक सूटकेस येईल, ती घ्यायची आणि माल वाटायचा. कस्टमवाल्यांनी पकडलं. त्यांनी कबूल केलं, अमली पदार्थ असणार असं वाटलं होतं. तपासणीत निघाली तपकिरीसारखी निरुपद्रवी झाडपाल्याची पूड. १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने शिक्षा कायम केली. माल खोटा, पण प्रयत्न खरा. एका वर्षापूर्वीच त्याच सभागृहाने उलटा निकाल दिला होता, तो मागे घेतला.

आपल्याकडे? एनडीपीएसच्या कलम ८ मध्ये बाळगणं, विकणं, विकत घेणं, नेणं, साठवणं सगळं आहे. पण ते खऱ्या द्रव्याचं. नकली मालाचं कलम नाही. प्रयत्नाचं कलम २८ आहे. आणि प्रयत्न म्हणजे काय ते समजावताना आपल्या दंडसंहितेने रिकाम्या खिशाचं उदाहरण दिलंय. चोराने खिशात हात घातला, खिशात काहीच नव्हतं, तरी चोरीचा प्रयत्न झाला. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ६२ मध्ये आहे.

‘आता आमचं पोर घ्या,’ ती म्हणते. ‘त्याला एमडी आहे असं वाटत असेल, तर खिसा रिकामा होता, प्रयत्न झाला असं सरकारी वकील म्हणू शकतात. अजिनोमोटो आहे हे ठाऊक असेल, तर एमडी विकायचा प्रयत्न नाही, ती फसवणूक. कलम ३१८, सात वर्षांपर्यंत. आणि काहीच ठाऊक नसेल, पिशवी पोचव एवढंच सांगितलं असेल, तर काय? तिन्ही वेळा पुडी तीच.’

‘आणि फसवणुकीची फिर्याद कोण देणार?’ मी विचारतो.

‘कोण देणार? मला एमडी म्हणून अजिनोमोटो विकलं असं कोण ठाण्यात येऊन सांगेल?’

दुपारी ३.०५
कोर्टाच्या पायरीवर मुलाची आई आहे. वालीवच्या एका गाळ्यात खोकी बांधते. रोजचे साडेचारशे. तारखेला आली की तेवढे गेले. मुलाखतीला ठाण्याला गेली की तेवढे पुन्हा गेले, शिवाय गाडीभाडं, शिवाय जेलच्या कँटीनसाठी मनिऑर्डर. वकिलाला आतापर्यंत तीस हजार, त्यातले वीस गाळ्याच्या मालकाकडून उचल.

ती मामांना ओळखते. ‘दादा, काय झालं?’

मामा थांबतात. ‘कागद आलाय. वकीलबाई सांगतील.’ मग दोन पायऱ्या चढून परत खाली येतात. ‘चांगला आलाय.’

एवढं बोलणं नियमात बसत नसेल. मला ते योग्य वाटलं.

दुपारी ३.४०
पुकारा होतो. सरकारी वकील रिपोर्ट न्यायाधीशांपुढे ठेवतात आणि तपास अधिकाऱ्याचं लेखी म्हणणं द्यायला मुदत मागतात. मुलाची वकील उठते. १२७ दिवस झाले, आता कसली मुदत, म्हणते. केरळात चालकुडीला ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देते. २०२३ साली त्यांच्या बॅगेत एलएसडीचे स्टॅम्प सापडले म्हणून अटक झाली. ७२ दिवस त्या तुरुंगात होत्या. तपासणीत ते स्टॅम्प एलएसडीचे नव्हतेच. न्यायाधीश ऐकून घेतात. दोन्ही बाजूंनी आवाज चढत नाही. सगळं चार-पाच मिनिटांत.

तारीख सोमवारची पडते. आज गुरुवार आहे. म्हणजे आणखी चार रात्री.

आईला वकील बाहेर समजावते. आई एकच विचारते, ‘त्यात विष नव्हतं ना?’ नव्हतं. ‘मग सोमवार कशाला?’

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि असावं असंही मला वाटत नाही. टेक्सससारखं नवं कलम आपल्याकडे हवं का, ह्यावर वकिलांनी वाद घालावा. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. पुडीत काय आहे हे अर्ध्या दिवसात कळतं. ज्या कायद्यात जामीन इतका अवघड आहे, त्यात ते कळायला चार महिने लागता कामा नयेत. पन्नास ग्रॅमच्या रेघेवर माणूस आत ठेवायचा असेल तर त्याची पुडी रांगेत सगळ्यात पुढे लागली पाहिजे.

संध्याकाळी ५.१५
ठाणं. पीएसआय साहेब रिपोर्ट दोनदा वाचतात. सापळ्याला नऊ माणसं होती, दोन रात्री जागली होती, त्याचं त्यांना वाईट वाटतंय हे दिसतं. ‘तीनशे अठरा लावू या का?’ ते विचारतात.

‘फिर्यादी कोण, साहेब?’

‘सरकारतर्फे आपणच.’

‘पण गिऱ्हाईक आपलंच होतं. ते कुठे फसलं?’

‘फसवायचा प्रयत्न तर झाला?’

‘पोराला ठाऊक होतं हे दाखवावं लागेल.’

साहेब पेन खाली ठेवतात. सोमवारी काय म्हणायचं ते वरिष्ठांना विचारून ठरेल. पिशवी देणाऱ्याचा शोध चालू ठेवा, असं ते एका शिपायाला सांगतात. खरा फायदा होणार होता तो त्या देणाऱ्याचा. बारा रुपये घालून.

संध्याकाळी ६.३०
मुद्देमाल खोली. लोखंडी कपाटातून मामा बासष्ट ग्रॅमचं पाकीट काढतात. दोन नमुने गेल्यावर आत बावन्न ग्रॅम उरलंय. जोडीचा नमुना शेजारी. दोन्हीची सीलं बघतात, वहीत लिहितात, परत ठेवतात. तेच कपाट, तेच कुलूप.

‘आता हे बाहेर नाही ठेवता येणार?’ मी विचारतो.

‘कोर्टाचा आदेश आल्याशिवाय? नाही. उद्या कुणी म्हणेल, मामांनी खरा माल काढून अजिनोमोटो भरलं.’ हे ते शांतपणे सांगतात. साताऱ्याच्या प्रकरणानंतर पांढऱ्या पुडीभोवती हा संशय कायमचा राहिला आहे, आणि तो पहिल्यांदा कुणावर येतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मुद्देमाल नोंदवहीत वर्णनाच्या रकान्यात चार महिन्यांपूर्वी त्यांनीच लिहिलंय: ‘एमडी सदृश पांढरी पावडर’. ते खोडत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात रिपोर्टचा जावक क्रमांक, तारीख, आणि एक ओळ: मेफेड्रोन आढळून आले नाही. अक्षर बारीक, सरळ.

रात्री ८.०५
खर्चाचा तक्ता. रिक्षा बेचाळीस, शेअर रिक्षा वीस, झेरॉक्स सोळा. वडापाव लिहीत नाहीत. रिक्षाचे बेचाळीस मंजूर होतील का, ह्यावर ठाणे अंमलदाराशी थोडी चर्चा. बस होती ना, तो म्हणतो. मामा शेवटी रिक्षा खोडून बस लिहितात. दहा रुपये.

उद्या त्यांना व्हिसेरा न्यायचा आहे. बुडून मेलेल्या एका माणसाचा, पुन्हा कलिन्यालाच. परवा शनिवार, लोकअदालत, तिथे जुन्या चोऱ्यांचा माल परत द्यायचा. सोमवारी चरसाच्या आरोपीची तारीख आहे आणि अजिनोमोटोचीही. दोन्हीकडे त्यांना बोलावलंय, एकाच वेळी.

रात्री ८.४०
खोलीला कुलूप. मग दुसरं कुलूप. चावी जमा केल्याची नोंद स्टेशन डायरीत करून घेतात आणि खिशातल्या वहीतही वेळ लिहितात. मग ठाणे अंमलदाराला सांगतात, ‘लाख संपत आलीय. उद्या येताना आणतो. बिल घ्याल ना ह्या महिन्यात?’

‘आणा तर,’ तो म्हणतो. ‘बघू.’